दुसऱ्या ठोक्यावरची टाळी

२०१६ च्या मे महिन्यात शिकागोच्या चान्स द रॅपर या रॅप गायकाचा 'कलरिंग बुक' हा गाण्यांचा संग्रह आला, तेव्हा मी शिकागोतल्या एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत रात्रपाळी करत होते. त्याचा २०१३ चा 'ॲसिड रॅप' मी पहाटे घरी परतताना गाडीत इतक्या वेळा ऐकला होता की कोणत्या ओळीनंतर तो श्वास घेतो, हेसुद्धा मला पाठ झाले होते. त्या संग्रहात विशीतला एक मुलगा होता. त्याचा आवाज चिरका होता, तो मध्येच ओरडायचा, शब्दांशी झोंबाझोंबी करायचा आणि उन्हाळ्याला भ्यायचा, कारण त्याच्या वस्तीत उन्हाळा आला की गोळीबार वाढतो. ती भीती मला परकी नव्हती. म्हणून नवा संग्रह आला त्याच सकाळी मी तो लावला, पाचव्या गाण्यापर्यंत पोहोचले आणि कानातले हेडफोन काढून पिशवीत टाकले.

मला राग आला होता. पहिल्याच गाण्यात ट्रम्पेट आणि मुलांचा कोरस होता, आणि तिथून पुढे जिकडे तिकडे देवाचे उपकार, देवाची स्तुती, आशीर्वादांची मोजदाद चालली होती. पाचव्या गाण्याचे तर नावच 'ब्लेसिंग्ज'. ज्याने माझ्या वतीने भ्यावे आणि भांडावे असे मला वाटत होते, तो मुलगा अचानक रविवारच्या शाळेतल्या बक्षीस मिळालेल्या मुलासारखा हसत होता. मुखपृष्ठावरही तो खाली कुठेतरी पाहून हसताना काढलेला होता, आणि ते हसू मला फार तृप्त, फार सुखी वाटले.

या रागाचे मूळ शिकागोत नव्हते, नगरमध्ये होते. मी नगरच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात वाढले. रविवारी सकाळी भक्तीला जायचे, म्हणजे आजीने 'उपासना संगीत' हे गीतांचे पुस्तक कापडी पिशवीत घालायचे, आईने आमच्या वेण्या घालायच्या आणि आम्ही भावंडांनी बाकावर हालचाल न करता दीड तास बसायचे. आमच्याकडे पेटी आणि तबला असायचा. नारायण वामन टिळकांची पदे त्यावर म्हटली जात. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि ओवी त्यांनी मागे टाकली नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे आमच्याकडे लहान मुलांनाही सांगितले जायचे. प्रवचन लांबले की आजी पिशवीतून लिमलेटची गोळी काढून न बघताच माझ्या मुठीत सरकवायची. देव आणि लिमलेट या दोन गोष्टी माझ्या मनात कितीतरी वर्षे एकत्र राहिल्या.

मग आजी आजारी पडली. तिच्या शेवटच्या महिन्यात घरी एक पाहुणे प्रचारक प्रार्थनेला आले होते. त्यांनी निघताना व्हरांड्यात आईला सांगितले की घरात स्तुती कमी पडते आहे, विश्वास कमी पडतो आहे, म्हणून आजीला गुण येत नाही. आई काही बोलली नाही. मी आत पातेल्यात आजीची पेज ढवळत होते आणि मला प्रत्येक शब्द ऐकू आला. आजी गेल्यानंतर मी भक्तीला जाणे थांबवले, आणि 'स्तुती' हा शब्द कानावर पडला की माझ्या हाताला त्या पळीचा चटका आठवू लागला.

रॅप मला त्यानंतर भेटला. मला त्यात आवडले ते असे की तिथे कोणाचे आभार मानावे लागत नव्हते. माणूस स्वतःच्या नावाने उभा राहायचा, आपल्या गल्लीचे नाव सांगायचा आणि जे झाले ते झाले तसे सांगायचा. 'कलरिंग बुक' ऐकताना मला वाटले की तो व्हरांड्यातला आवाज माझ्या या जागेतही शिरला.

एवढ्यावर सगळे संपले असते, पण त्या वर्षीचा उन्हाळा आला. रक्तपेढीत उन्हाळा कॅलेंडरवरून कळत नाही, फोनवरून कळतो. रात्री दोन वाजता फोन वाजतो, पलीकडून कोणीतरी एकच वाक्य म्हणते, आणि आपण शीतकपाटातून 'ओ' गटाच्या पिशव्या काढू लागतो, कारण येणाऱ्या माणसाचा रक्तगट तपासायला वेळ नसतो. लाल पेशी आणि वितळवलेला प्लाझ्मा बर्फाच्या पेटीत, प्लेटलेट्स बर्फाविना वेगळ्या, असे सगळे भरून वर पाठवायचे आणि लगेच पुढची पेटी भरायला घ्यायची. शिकागोच्या दक्षिण भागात त्या वर्षी प्रौढ जखमींसाठी वरच्या दर्जाचे ट्रॉमा सेंटर नव्हते. ते पुढे २०१८ मध्ये सुरू झाले. तोवर जखमींना दूर न्यावे लागे आणि रस्त्यात मिनिटे जात. २०१६ मध्ये त्या शहरात ७५० हून अधिक माणसांचे खून झाले. आकडा वर्ष संपल्यावर वर्तमानपत्रात आला, पण जुलै महिन्यातच आमच्या शीतकपाटाच्या रिकाम्या कप्प्यांवरून तो आम्हाला दिसत होता.

अशाच एका रात्रीनंतर सकाळी गाडीत बसले असताना फोनने आपोआप 'कलरिंग बुक'मधले 'समर फ्रेंड्स' लावले. मे महिन्यात ते मी ऐकले होते, पण ऐकले नव्हते असेच म्हणायला हवे. सुरुवातीला फ्रान्सिस अँड द लाइट्सचा आवाज येतो. एकच गळा यंत्रातून जाऊन अनेक गळ्यांचा होतो, आणि जणू एकटा माणूस स्वतःचाच कोरस होऊन गातो आहे असे वाटते. मग चान्स आपल्या लहानपणीच्या एकोणऐंशीव्या रस्त्याबद्दल सांगू लागतो, काजवे पकडण्याबद्दल, सुट्टीच्या दुपारींबद्दल, आणि उन्हाळ्यातले मित्र फार दिवस टिकत नाहीत याबद्दल. आवाज चढत नाही. 'ॲसिड रॅप'मध्ये जी भीती ओरडून सांगितली होती, तीच इथे तो इतक्या हळू सांगत होता की मला पहिल्या वेळी ती समाधान वाटली. मी ज्याला सुखी समजून बाजूला ठेवले, तो माणूस आपले मेलेले मित्र मोजत होता. आणि हे गाणे 'ब्लेसिंग्ज'च्या आधी येते. मध्ये एक छोटे, पाळण्यासारखे गाणे, आणि मग स्तुती. हा क्रम मी मे महिन्यात पाहिलाच नव्हता.

आमच्या रुग्णालयात रात्रीच्या स्वागतकक्षावर साठीच्या एक कृष्णवर्णीय बाई बसायच्या. त्या मला नावाने कधी हाक मारत नसत, 'बेबी' म्हणायच्या, जसे तिकडच्या वयस्क बायका आपल्यापेक्षा लहान असलेल्या कोणालाही म्हणतात. मीही त्यांना इतरांसारखे 'मिस' लावून पहिल्या नावाने हाक मारायचे. त्यांच्या टेबलाच्या खणात लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या. एका पहाटे त्यांनी न बघताच एक गोळी माझ्याकडे सरकवली आणि मी तिथे उभ्या उभ्या रडले. मग आजीबद्दल सांगणे भाग पडले. त्या हसून म्हणाल्या की अशी गोळी पर्समध्ये नसेल तर आमच्याकडे आजीला चर्चमध्ये शिरू देत नाहीत. चान्सने आणि त्याच्या सोबत्यांनी आधी 'संडे कँडी' नावाचे गाणे केले होते, आपल्या आजीवर आणि तिच्या रविवारवर. ते मला आवडायचे, पण नावातली ती गोळी मला तोवर दिसली नव्हती. "रविवारी ये," बाई म्हणाल्या. "काही मानू नकोस हवे तर. नुसती बस."

ऑगस्टमधल्या एका रविवारी मी रेड लाइन या शहरी रेल्वेने एकोणऐंशीव्या रस्त्याच्या स्थानकावर उतरले आणि त्यांच्या चर्चमध्ये जाऊन बसले. दारात पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेविका होत्या. त्यांनी मला पुठ्ठ्याचा हातपंखा दिला. त्याच्या एका बाजूला मार्टिन ल्यूथर किंग यांचे चित्र होते आणि दुसऱ्या बाजूला अंत्यसंस्कार करणाऱ्या दुकानाची जाहिरात. बायकांच्या टोप्या पाहून मला आमच्याकडच्या नाताळच्या साड्या आठवल्या. त्या घालायचे कारण तेच होते, की आठवडाभर दुसऱ्याच्या कामाचे कपडे घातल्यावर एक दिवस आपला. वाद्यांमध्ये हॅमंड ऑर्गन होता, ड्रम होते आणि बास गिटार. पाळक बोलू लागले की ऑर्गन वाजवणारा मुलगा त्यांच्या दोन वाक्यांमधल्या मोकळ्या जागेत उत्तर द्यायचा. वाक्ये लहान होत गेली, ऑर्गन जवळ येत गेला, आणि एका क्षणी माझ्या लक्षात आले की पाळक आता बोलत नाहीत, गात आहेत. बोलणे नेमके कोणत्या शब्दावर गाणे झाले, हे मला सांगता आले नसते. रॅप ऐकणाऱ्या माणसाला ही हद्द ओळखीची असते. मी इतकी वर्षे त्या हद्दीवरच राहत होते आणि ती कुठून आली आहे हे मला माहीत नव्हते.

कोरस उभा राहिला आणि सगळे टाळ्या वाजवू लागले तेव्हा मीही हात उचलले, पण माझी टाळी एकटी पडली. माझी टाळी पहिल्या ठोक्यावर पडत होती, कारण भजनात ती समेवर पडते आणि लहानपणी हाताला लागलेले वळण सुटत नाही. तिथे टाळी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर होती. बाईंनी माझे मनगट हलकेच धरले. "थांब, बेबी. ड्रमला आधी बोलू दे. मग तू." मी थांबले. पहिला ठोका रिकामा जाऊ दिला आणि दुसऱ्यावर टाळी वाजवली. तेवढ्या एका थांबण्याने सगळे गाणे बदलले. पहिल्या ठोक्यावरची टाळी गाण्याला जागेवर बसवते. दुसऱ्या ठोक्यावरची त्याला उचलते. मग लक्षात आले की 'कलरिंग बुक'ची कितीतरी गाणी मी मनातल्या मनात चुकीच्या ठोक्यावर धरून ऐकत होते.

मग साक्ष झाली. हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे, कारण आमच्या मंडळीतही तोच शब्द आहे. माणूस उभा राहतो आणि देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगतो. आमच्याकडे मी ज्या साक्षी ऐकल्या होत्या, त्या सगळ्या सुटकेच्या होत्या. नोकरी लागली, ताप उतरला, मुलगी उजवली. त्या रविवारी माझ्यापुढच्या तिसऱ्या बाकावरच्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या की त्यांनी वसंतात आपल्या मुलाला पुरले, आणि आज सकाळी देवाने त्यांना उठवले, शुद्धीत उठवले, म्हणून त्या आभार मानायला आल्या आहेत. बस्स, एवढेच. मुलगा परत आला नव्हता, काही बरे झाले नव्हते. सगळे चर्च त्यांच्या वाक्यावाक्याला 'हो, हो' म्हणत होते, ऑर्गन खालच्या एका सुरावर थांबला होता, आणि त्या बाई स्तुती करत होत्या. वसंतातली ती रात्र कोणती होती आणि त्या रात्री फोन आमच्याकडे आला होता का, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

व्हरांड्यातल्या त्या प्रचारकाने आईला सांगितले होते की स्तुती पुरेशी केली तर काहीतरी मिळेल. या बाई स्तुतीच्या बदल्यात काही मागत नव्हत्या. जे गेले त्याच्या शेजारी उभे राहून त्या स्तुती करत होत्या. स्तोत्रसंहितेतले तेरावे स्तोत्र मला लहानपणी पाठ होते. ते 'हे परमेश्वरा, कुठवर' या प्रश्नाने सुरू होते आणि गाण्याने संपते, आणि मधल्या ओळींमध्ये परिस्थिती बदलल्याचा एकही शब्द नाही. पाठ असूनही हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

त्यानंतर मी या संगीताचा माग काढू लागले. तो मला त्याच शहरात तेहतिसाव्या रस्त्यापाशी इंडियाना ॲव्हेन्यूवर घेऊन गेला. तिथे पिल्ग्रिम बाप्टिस्ट चर्चचे अवशेष आहेत. ॲडलर आणि सलिव्हन या जोडीने बांधलेली ती इमारत मुळात ज्यूंचे सिनेगॉग होती. दक्षिणेकडून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे शिकागोत आली, वस्ती बदलली, आणि १९२२ मध्ये वास्तू या मंडळीकडे आली. २००६ च्या जानेवारीत छताच्या दुरुस्तीच्या वेळी आग लागली आणि चार भिंती उरल्या. मी गेले तेव्हा भिंतींना लोखंडी टेकू दिलेले होते, खिडक्यांच्या कमानींतून पलीकडचे आकाश दिसत होते, आणि जिथे कोरस उभा राहत असेल तिथे गवत वाढले होते.

याच चर्चमध्ये थॉमस डॉर्सी यांनी चार दशकांहून अधिक काळ गायनाची धुरा वाहिली. गॉस्पेल, म्हणजे कृष्णवर्णीय चर्चमधल्या भक्तिसंगीताचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतात. पण त्याआधी ते 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांची दुःखाची आणि प्रेमाची लौकिक गाणी, वाजवत असत. गायिका मा रेनी यांच्या साथीला ते पियानोवर असायचे, आणि १९२८ मध्ये गिटारवादक टॅम्पा रेडबरोबर त्यांनी केलेले एक चावट गाणे खूप खपले होते. हाच माणूस पुढे देवाची गाणी घेऊन चर्चच्या दारात उभा राहिला, तेव्हा अनेक पाळकांनी त्याला परत पाठवले. या चालींना दारूच्या गुत्त्याचा वास येतो, असा आक्षेप होता. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ते गाण्यासाठी सेंट लुइसला गेले होते. तिथे तार आली की बाळंतपणात पत्नी नेटी गेली. परत येऊन त्यांनी बाळाला पाहिले, आणि लवकरच बाळही गेले. त्यानंतर काही दिवसांनी पियानोपाशी बसून त्यांनी 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड' लिहिले. न्यू ऑर्लीन्सहून शिकागोत आलेल्या महालिया जॅक्सन यांनी ते गाणे जगभर नेले, आणि १९६८ मध्ये किंग यांच्या अंत्यविधीत त्यांनीच ते गायले.

त्या कुंपणापाशी उभी असताना मला मे महिन्यातला माझा आक्षेप फार पोरकट वाटू लागला. मी म्हणत होते की रॅपमध्ये चर्च शिरले. इथे तर जन्मापासूनच गुत्ता आणि चर्च एका घरात राहत होते. गॉस्पेल ही एका शोकग्रस्त ब्लूजवाल्याने वाढवलेली गोष्ट होती, आणि स्वतःला शुद्ध समजणाऱ्या दोन्ही बाजूंनी ती बाहेर ठेवली होती. तिच्याच पोटातून पुढे किती निघाले! डॉर्सींच्या कोरसमध्ये लहानपणी गाणारे जेम्स क्लीव्हलँड पुढे गायिका अरेथा फ्रँकलिन यांच्या १९७२ च्या 'अमेझिंग ग्रेस' या संग्रहाच्या वेळी पियानोवर होते. याच शिकागोच्या रॅपर कान्ये वेस्टने २००४ मध्ये 'जीझस वॉक्स'मध्ये कोरसला लष्करी पावलांच्या ठेक्यावर चालवले. २०१६ च्या फेब्रुवारीत आलेल्या त्याच्या 'अल्ट्रालाइट बीम'मध्ये चान्सने आपले कडवे म्हटले, आणि त्याच गाण्याच्या शेवटी गॉस्पेल संगीतकार कर्क फ्रँकलिन प्रार्थना करतात. चान्स या रांगेत उभा होता. मी त्याला रांगेबाहेर शोधत होते.

मग 'कलरिंग बुक' मी पुन्हा पहिल्यापासून ऐकला, आणि आता तो मला एका रविवारच्या भक्तीच्या क्रमाने ऐकू येऊ लागला. 'ऑल वी गॉट' ही प्रवेशाची घंटा. त्यातला शिकागो चिल्ड्रन्स कोरस १९५६ मध्ये हाइड पार्कमधल्या एका चर्चमध्ये सुरू झाला होता, वेगवेगळ्या वर्णांच्या मुलांनी एकत्र गावे म्हणून. हे कळल्यावर त्या मुलांचा आवाज मला सजावट वाटेनासा झाला. 'ब्लेसिंग्ज'मध्ये जमिला वूड्स ज्या शांतपणे ध्रुवपद म्हणतात, त्यात विजयाचा आव कुठेच नाही. स्तुती वर गेली की आशीर्वाद खाली येतात, ही कृष्णवर्णीय चर्चमधली जुनी म्हण त्यांच्या गळ्यात अंगाईसारखी येते. आणि त्याच गाण्यात चान्स म्हणून जातो की येशूच्या काळ्या जिवालाही किंमत नव्हती. पहिल्या वेळी मी हेडफोन काढले ते याच गाण्यावर. ती ओळ येईपर्यंत मी थांबले असते तर तीन महिने वाचले असते. पण मग कदाचित त्या रविवारी मी गेलेही नसते.

'फिनिश लाइन / ड्राउन'मध्ये तो सांगतो की मागच्या वर्षी तो चिंता घालवणाऱ्या गोळ्यांच्या आहारी गेला होता आणि स्वतःचे नाव विसरू लागला होता. ही साक्ष आहे. आणि 'हाऊ ग्रेट'! ते जवळजवळ अर्धे गाणे त्याच्या चुलत बहिणीचे आणि कोरसचे आहे. ख्रिस टॉमलिनचे चर्चमध्ये सगळीकडे म्हटले जाणारे एक गीत ती गाते, आणि आवाज थोडा दाबलेला, काठावर फाटलेला येतो, जणू कोणी मागच्या बाकावरून फोनवर ध्वनिमुद्रण केले असावे. इतका वेळ रॅपर गप्प बसतो, स्वतःच्या संग्रहात. मग ड्रम बदलतात आणि तो बोलू लागतो, आणि त्याचा वेग, यमकांची गर्दी, एका श्वासात पाच संदर्भ, हे सगळे 'ॲसिड रॅप'मधल्या त्याच मुलाचे असते. तो कुठे गेला नव्हता. कोरसचे संपेपर्यंत तो थांबला होता, पहिला ठोका रिकामा जाऊ देऊन.

रॅप आणि गॉस्पेल कुठे जुळतात, असे मला कोणी विचारले तर मी चालींबद्दल बोलणार नाही. दोन्हीकडे माणूस सर्वांसमोर उभा राहतो, पहिल्या पुरुषात बोलतो, आपल्या जागेचे नाव घेतो आणि आपल्यासोबत काय घडले ते सांगतो. आणि दोन्हीकडे समोर बसलेल्यांनी 'हो' म्हटल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. मला रॅपमध्ये जे आवडले होते, ते मी लहानपणी बाकावर बसून ऐकलेल्या साक्षीचेच रूप होते. नगर सोडताना मी जे सोडले असे समजत होते, ते मी कानांत घालून शिकागोपर्यंत आणले होते.

सगळाच संग्रह मला आवडतो असे मी म्हणणार नाही. 'मिक्सटेप' हे गाणे मी अजूनही पुढे ढकलते. त्यातले पाहुणे आवाज मला त्या घरात चप्पल घालून फिरल्यासारखे वाटतात. 'ज्यूक जॅम' गोड आहे, त्याहून अधिक नाही. पण 'स्मोक ब्रेक' मला उशिरा आवडले, कारण ते नव्या आईबापांच्या थकव्याचे गाणे आहे, आणि तोवर मला मुखपृष्ठावरच्या त्या हसण्याचा खुलासा झाला होता. चित्रकार ब्रँडन ब्रो यांना तो चेहरा टिपायचा होता तेव्हा चान्सने आपल्या काही महिन्यांच्या मुलीला हातात घेतले होते. चित्रात मुलगी नाही, तिच्याकडे पाहणारी नजर तेवढी आहे. मी ज्याला तृप्ती म्हणत होते, ती एका बापाची खाली झुकलेली नजर होती, त्या शहरात, त्या वर्षी.

पुढच्या फेब्रुवारीत त्याला तीन ग्रॅमी मिळाली. विकायला न ठेवता केवळ ऑनलाइन ऐकवलेल्या संग्रहाला ग्रॅमी मिळण्याची ती पहिली वेळ होती. कर्क फ्रँकलिनसोबत तो मंचावर गायला, तेव्हा मी कामावर होते आणि स्वागतकक्षावरच्या बाईंनी आपल्या फोनवर ते लावून ठेवले होते. आम्ही दोघींनी ते उभ्यानेच पाहिले आणि त्यांचा तळहात टेबलाच्या लाकडावर दुसऱ्या ठोक्यावर पडत राहिला.

मी आता पुण्यात असते. मागच्या महिन्यात नगरला गेले होते तेव्हा रात्री जेवणे झाल्यावर आई ओट्यापाशी बसून लसूण सोलत होती. मी फोन ताटाला टेकवून 'हाऊ ग्रेट' लावले. आजी गेल्यापासून आमच्या दोघींत देवाचा विषय निघत नाही, आम्ही दोघी तो टाळतो. आईने थोडा वेळ ऐकले आणि म्हणाली, "हे तर आपल्या तरुण संघातली मुले म्हणतात." मग ती गुणगुणू लागली, हात न थांबवता, आणि तिचे मराठी शब्द त्या मुलीच्या इंग्रजी शब्दांच्या खालून चालत राहिले. कोरस संपला, ड्रम बदलले आणि चान्स बोलू लागला. मी फोनकडे हात नेला, कारण मला वाटले की आईला हे आवडणार नाही.

"हा काय करतोय आता?" तिने विचारले. "भांडतोय का?"

"साक्ष देतोय," मी म्हणाले.

आईने हातातली पाकळी वाटीत टाकली. "मग बंद नको करूस," ती म्हणाली. "तो काय सांगतोय ते मला सांग. हळूहळू सांग."